विहारातील वाचनालय : आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडेफार नीट करून दिले आहे.)

 

अध्यक्षांनी आम्हाला वाचनालयावर बोलायला सांगितले आहे. आम्ही काही पंडित नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या साचाखात्यात, युनियनच्या सभेत आणि वाचनालयाच्या बाकड्यावर झाले. रात्रपाळी करून आलो की वर्तमानपत्र विकत घ्यायला पैसे नसायचे, म्हणून वाचनालयात जायचे आणि फुकट वाचायचे. तिथेच आम्हाला अक्षरांची गोडी लागली. तेव्हा भाषेत काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

वर्धापनदिनाला कामाचा गौरव करायचा अशी पद्धत आहे. पण आम्ही आधी एक कबुली देणार आहोत.

आपल्या विहारात वाचनालय आहे हे वस्तीत सर्वांना माहीत होते. बाहेर पाटी होती, पाटीवर वेळ होती, सायंकाळी ६ ते ९. आत काचेची दोन कपाटे होती. शासनाने १९७९ सालापासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे जे खंड काढले ते ओळीने लावलेले होते. पाहुणे आले की आम्ही मोठ्या अभिमानाने दाखवायचो. आणि कपाटाला कुलूप होते. किल्ली कोणाकडे? तर आमच्याकडे. आम्ही दुसऱ्या पाळीला असलो की किल्लीसुद्धा दुसऱ्या पाळीला! पोरं यायची, काचेला नाक लावून बघायची आणि खेळायला जायची. वर आम्ही महिन्याला दहा रुपये वर्गणी लावली होती. एक पोरगा दोन महिने आला आणि बंद झाला. विचारले तर म्हणाला, "घरी मागायची लाज वाटते." दहा रुपये ही फार मोठी रक्कम नाही हो. पण ती मागावी लागते, आणि ज्या घरात दुधाचे पैसे थकलेले असतात त्या घरात पोर पुस्तकासाठी तोंड उघडत नाही. पुढे एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि खालच्या खणाला वाळवी लागली. वाळवीला किल्ली लागत नाही. आम्ही माणसांपासून जपलेली पुस्तके किड्यांनी खाल्ली.

हे एक झाले. दुसरे त्याहून वाईट.

आमच्या चाळीत एक आजी आहेत. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी संसार केला. त्यांचे यजमान वारले. त्यानंतर काही महिन्यांनी पौर्णिमेच्या वंदनेला त्या आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून आमच्या हातात दिला. "भाऊ, हे काय आहे बघा बरं. कधीचं आलंय." यजमान जिथे कामाला होते तिथल्या देण्याबद्दलचे पत्र होते. वारसाचे कागद अमुक तारखेच्या आत आणून द्यावेत असे त्यात लिहिले होते. ती तारीख उलटून चार महिने झाले होते. आजींना आम्ही विचारले, "अहो, कोणाला तरी दाखवायचं की!" तर म्हणाल्या, "कोणाला दाखवू? पैशाचं असलं तर बोभाटा व्हायचा, आणि कर्जाचं असलं तर नाचक्की. त्यापरीस बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलं."

आम्ही धावपळ केली, अर्ज दिले, विनवण्या केल्या. मुदत टळली होती. ते काम झाले नाही ते झालेच नाही.

आता विचार करा. आजींची खोली आणि विहाराचे वाचनालय यांत किती अंतर? एक जिना आणि एक गल्ली. इकडे ज्ञानाचा एवढा मोठा साठा कुलपात, आणि तिकडे अर्धे पान वाचून दाखवायला माणूस नाही, म्हणून एका विधवेचा हक्क बुडाला. त्या दिवशी आम्हाला कळले की आम्ही वाचनालय चालवत नव्हतो, पुस्तकांचे देव्हारे चालवत होतो. आणि देव्हारे तर बाबासाहेबांनी आम्हाला सोडायला सांगितले होते!

बांधवांनो, वाचनालय म्हणजे काय हे बाबासाहेबांच्या आयुष्यातच पाहायला मिळते. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. परळच्या चाळीतल्या खोलीत वाचायला जागा कुठली? त्या बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी येत. या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा झाली, अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे गुरुजीच त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

यात काय काय आहे ते नीट बघा. बसायला जागा आहे, तिला पैसे नाहीत. वाचायला पुस्तक आहे, त्यालाही पैसे नाहीत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःहून हाक मारणारा एक माणूस आहे. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात ते वाचनालय, मग त्याला छप्पर असो वा नसो. आपल्याकडे जागा होती, पुस्तकेही होती. हाक मारणारे कोणी नव्हते. वाचनालयात जे मोफत कार्यक्रम करायचे, ते म्हणजे ही हाक आहे.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिचे उद्देश वाचा. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करायचा हा एक. आणि लगेच दुसरा उद्देश असा की ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग उघडून समाजात संस्कृतीचा प्रसार करायचा. ग्रंथालय, केंद्र आणि अभ्यासवर्ग हे त्यांनी एका दमात सांगितले आहे. नुसती पुस्तके गोळा करा असे म्हटलेले नाही. सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह उघडले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालवले. मोफत! त्या वेळी आपला समाज आजच्यापेक्षा शंभरपटीने गरीब होता, तरी वर्गणी लावली नाही.

ज्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवले, त्यांनीच बडोदे संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी केली. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय झाले, त्यात मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची माणसे जादूचा कंदील आणि सिनेमाचे यंत्र घेऊन जात आणि फुकट खेळ दाखवत. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसांना कळले होते की ज्याला अक्षर येत नाही तोसुद्धा ग्रंथालयाचा वाचक आहे. आजींना हे कोणी सांगितले असते तर?

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली युनेस्कोच्या मदतीने दिल्ली पब्लिक लायब्ररी सुरू झाली. तिथेही पुस्तके विनामूल्य, आणि त्यासोबत नवसाक्षरांसाठी वर्ग, व्याख्याने, चित्रपट. युनेस्कोच्या १९९४च्या जाहीरनाम्यात तर सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असले पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालय कायदा केला आणि घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर ठेवला, म्हणजे सर्वांनी थोडे थोडे द्यायचे आणि दारात कोणाकडे काही मागायचे नाही. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात असा कर नाही. संस्थांनी ग्रंथालय चालवायचे आणि शासनाने अनुदान द्यायचे अशी पद्धत आहे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी अनामत आणि मासिक वर्गणी घेतात. आम्ही त्या संस्थांना नावे ठेवत नाही, त्यांनाही दिवाबत्ती भागवायची असते. पण वस्तीतल्या ज्या पोराला पुस्तकाची सर्वांत जास्त गरज आहे, ते त्या अनामतीच्या पायरीवरच थांबते. म्हणून विहाराच्या वाचनालयाला फार महत्त्व आहे.

आता हे वाचनालय कोणासाठी, हाही प्रश्न येतो. काही मंडळी आम्हाला म्हणाली, "विहार आपलं आहे, पलीकडच्या चाळीतली पोरं कशाला?" बांधवांनो, मघाशी ज्या बोल्यांचे नाव घेतले, त्यांनीच १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पैशातून चाललेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्या ठरावाच्या आधारावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. 'सार्वजनिक' या एका शब्दासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. त्याच शब्दाची पाटी आपण लावायची आणि दारात उभे राहून जात-धर्म विचारायचा? ते आपल्याला शोभणार नाही. वाचनालय हा आपला पाणवठा आहे. जो तहानेला येईल त्याने प्यावे.

बरे, आता आम्ही काय केले ते सांगतो. फार मोठे काही नाही.

आधी वर्गणी बंद केली. मग किल्ल्या तीन केल्या. एक विश्वस्तांकडे, एक महिला मंडळाकडे आणि एक बारावीत शिकणाऱ्या मुलीकडे. तेव्हापासून कपाट एक दिवसही बंद राहिलेले नाही, आणि ते श्रेय आमचे नाही, त्या मुलीचे आहे.

रोज संध्याकाळी अभ्यासिका चालते. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, स्वयंपाक चालू, पाहुणे बसलेले. तिथे पोराने अभ्यास कुठे करायचा? इथे चार लांब टेबले, पंखा आणि उजेड आहे. मोठी मुले लहानांना गणित दाखवतात.

बुधवारी रात्री कागदांचे टेबल असते. हे आजींमुळे सुरू झाले. आपले एक निवृत्त कारकून आणि दोन कॉलेजची मुले बसतात. कोणीही आपला कागद आणावा, ते वाचून अर्थ सांगतात आणि उत्तर लिहून देतात. पूर्वी शिष्यवृत्तीचा फॉर्म कागदावर असे, आता तो महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि त्यासाठी दुकानात पैसे मोजावे लागतात. इथे तो मोफत भरून मिळतो. दाखल्यांचा घोळ तर तुम्हाला माहीतच आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन केंद्राच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या. पण फॉर्मच्या रकान्यात धर्म आणि जात लिहिताना चूक झाली की पोराचे वर्ष वाया जाते. टेबलाचे नियम दोनच आहेत. पैसे घ्यायचे नाहीत, आणि इथे वाचलेले बाहेर बोलायचे नाही. मोबाईलवर आलेला ओटीपी आमच्या माणसालासुद्धा सांगायचा नाही, ज्याचा त्याने स्वतः टाकायचा.

शनिवारी रात्री भांडी आवरून झाल्यावर बायका येतात. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. आधी आठवड्याच्या बातम्या, मग पुस्तकाची काही पाने. वर्षावासात तीन महिने आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतोच. तीच आपली जुनी पद्धत आम्ही वर्षभर चालू ठेवली, एवढेच. आजी पहिल्यांदा आल्या तेव्हा दाराशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, मी कशाला पुढं बसू?" आता त्या पुढे बसतात, आणि वाचणारीने घाईत ओळ गाळली तर म्हणतात, "थांब गं, मधलं काहीतरी राहिलं." ऐकता ऐकता माणूस वाचक होतो तो असा. बुधवारी टेबलाच्या वेळीही त्या येतात. लाजून दाराबाहेर उभी असलेली बाई दिसली की तिचा हात धरून आत आणतात. वाचनालयाला हाक मारणारे माणूस पाहिजे म्हणालो ना, ते असे मिळाले.

रविवारी वंदनेनंतर मुलांचा गोष्टींचा तास. महिन्यातून एकदा व्याख्यान, कधी डॉक्टर, कधी वकील. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस असतो, कारण १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्या दिवशी मुलेच भाषण करतात. आणि जयंतीला डीजेच्या आधी एक दिवस आपण सलग १८ तास अभ्यासाचा कार्यक्रम ठेवतो. पहाटे बसायचे ते मध्यरात्रीपर्यंत. महिला मंडळ चहा आणि पोहे देते. बाबासाहेब लंडनला ग्रंथालय उघडताना आत जात आणि बंद होताना बाहेर पडत, हे पोरांना नुसते सांगून कळत नाही. स्वतः पाठ मोडेपर्यंत बसले म्हणजे कळते.

आता शंका घेणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे.

पहिली शंका, "फुकट दिलं की किंमत राहत नाही." आम्ही विचारतो, धम्मदेसनेला तिकीट असते का? भिक्खू संघाने कधी पैसे मोजून धम्म सांगितला नाही. धम्मदान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले आहे. आणि खरे म्हणजे हे फुकट नसतेच. दिव्याचे बिल कोणीतरी भरतो, वेळ कोणीतरी देतो. घेणाऱ्याला मोफत मिळते कारण देणाऱ्याने आधीच दिलेले असते. यालाच आपण दान म्हणतो.

दुसरी शंका, "पुस्तके हरवतात." होय, हरवतात. काही परत आली नाहीत. पण पुस्तक हरवले तर एक पुस्तक जाते, कुलूप लावले तर सगळे वाचक जातात. ग्रंथालयशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे सांगितली. त्यांतले पहिलेच सूत्र असे की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. जपण्यासाठी हे पहिले सूत्र नाही.

तिसरी शंका आमची स्वतःचीच आहे. हे सर्व चार माणसांच्या जिवावर चालले आहे. कारकून साहेबांचे गुडघे दुखतात. ती बारावीची मुलगी उद्या कॉलेजला जाईल. आम्हीही आता पूर्वीसारखे जिने चढत नाही. माणसे गळली की पुन्हा कुलूप लागायला वेळ लागणार नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोटोमागे पुन्हा एखादा कागद पडून राहील. ही खरी काळजी आहे.

म्हणून या वर्धापनदिनी आम्ही आपणाकडे तीन गोष्टी मागतो. पैसे नंतर, आधी वेळ. प्रत्येक घराने महिन्यातून एक संध्याकाळ, फक्त दोन तास, वाचनालयात द्यावी. ज्याला वाचता येते त्याने वाचून दाखवावे, ज्याला येत नाही त्याने दार उघडावे, पाणी भरावे, हाक मारावी. दुसरे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आपण जातो तेव्हा शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल असतात. घरासाठी एक पुस्तक घ्याल तेव्हा वाचनालयासाठीही एक घ्या. तिसरे, पुस्तकांची नोंदवही, देवघेवीची वही आणि हिशेब नीट ठेवायला तरुणांनी शिकावे. उद्या शासनमान्यता आणि अनुदान मागायचे तर तोंडी चालत नाही, कागद लागतो. आणि अनुदान आले तरी एक ठराव आजच लिहून ठेवू या, की या दारात कोणाकडून वर्गणी घेतली जाणार नाही.

विश्वस्तांनी आम्हाला विचारले होते की यंदा विहारासाठी काय करावे, रंग द्यावा की कमान बांधावी? कमान जरूर बांधा, शोभा येईल. पण आधी वाचनालयाच्या पाटीवर जी वेळ लिहिली आहे ती खरी करा. सहा म्हणजे सहाला दार उघडे दिसले पाहिजे. बाकी सगळे त्यातून होईल.

बुधवार परवाच आहे. घरात फोटोमागे, गादीखाली, डब्यात जो कागद पडलेला असेल तो घेऊन या. लाजू नका.